विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारचा काटा लाल पट्ट्याकडे का जातो? विल्हेल्म मायबाख यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवलेले कोडे

जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, की मालकाची झोप उडते. मग थर्मोस्टॅट बदला, मोठा रेडिएटर बसवा, जादा पंखा जोडा, अशी खरेदी सुरू होते. खर्च होतो, पण काटा अनेकदा तिथेच राहतो. कारण उष्णता नेमकी कुठे अडली आहे, हा साधा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. मोटार बाल्यावस्थेत असताना हाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर धातूत घडवणारे अभियंते म्हणजे विल्हेल्म मायबाख. आज हे नाव आलिशान मोटारींवर दिसते. पण त्यांचे सर्वात टिकाऊ काम बॉनेटखाली, रेडिएटरच्या जाळीत आहे. कोण होते मायबाख, त्यांनी तापणाऱ्या इंजिनाचे कोडे कसे सोडवले आणि त्यांच्या विचारपद्धतीने आज जुन्या गाडीचे निदान कसे करता येते, याचा हा आढावा.

मायबाख कोण होते?

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुतार कारागिराच्या घरात झाला. घरात पाच भाऊ. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. रॉइटलिंगन येथे धर्मोपदेशक गुस्ताव्ह वेर्नर यांनी चालवलेल्या ब्रुडरहाउस या संस्थेने त्यांना सांभाळले. ही संस्था केवळ अनाथाश्रम नव्हती. मुलांना हाताला काम मिळावे म्हणून तिथे कारखानेही चालत आणि त्यात यंत्रे बनवणारा विभाग होता. मायबाख यांचा कल ओळखून त्यांना तांत्रिक आरेखनाचे शिक्षण देण्यात आले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. कागदावर यंत्र उभे करण्याची हातोटी मात्र त्या वयातच आली.

या कारखान्याची सूत्रे १८६३ मध्ये गॉटलीब डाइम्लर यांच्याकडे आली. ते मायबाख यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. या अबोल तरुणाच्या आरेखनांनी त्यांचे लक्ष वेधले आणि तिथून सुरू झालेली साथ डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइम्लर १८६९ मध्ये कार्ल्सरूहला गेले, तेव्हा मायबाख त्यांच्यामागे गेले. १८७२ मध्ये दोघे कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील इंजिन कारखान्यात दाखल झाले. निकोलाउस ओटो यांचे चार स्ट्रोकचे इंजिन १८७६ मध्ये याच कारखान्यात जन्माला आले. ते कारखान्यात नियमित तयार करता येईल इतके सुटसुटीत करण्यात मायबाख यांचा मोठा वाटा होता.

वेगवान इंजिनाने कोणता नवा प्रश्न उभा केला?

ओटो यांचे इंजिन जड होते आणि एका जागी उभे राहून काम करणारे होते. ते मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरेच घेई. असे इंजिन गाडीवर बसवणे शक्य नव्हते. १८८२ मध्ये डाइम्लर यांनी डॉइट्झ सोडले आणि श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावात घर घेतले. मायबाखही तिथे आले. घराच्या बागेतल्या काचगृहाला जोडून कार्यशाळा उभी राहिली. आत काय चालते ते कुणालाच सांगितले जात नसे. त्यामुळे माळ्याला इथे खोटी नाणी पाडतात असा संशय आला आणि पोलिसांनी रात्री छापा घातला, अशी कथा सांगितली जाते. पोलिसांना सापडली ती फक्त अवजारे आणि इंजिनाचे सुटे भाग.

१८८३ मध्ये या कार्यशाळेतून मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेणारे हलके इंजिन बाहेर आले. १८८५ मध्ये त्याची उभी आवृत्ती तयार झाली. लंबकाच्या घड्याळासारखी दिसते म्हणून तिला तेच टोपणनाव पडले. लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर ती बसवून त्याच वर्षी जगातली पहिली पेट्रोल मोटरसायकल धावली. या दुचाकीचे आसन इंजिनाच्या अगदी वर होते आणि चाचणीच्या वेळी ते पेटले, असेही सांगतात.

पण खरा प्रश्न वेगाबरोबर आला. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाके फिरवते, एक तृतीयांश धुराड्यातून निघून जाते आणि उरलेली सुमारे एक तृतीयांश सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढावी लागते. हे ढोबळ प्रमाण आहे, पण अंदाजाला पुरेसे आहे. फेरे चौपट झाले, की तेवढ्याच लहान धातूतून दर मिनिटाला साधारण चौपट उष्णता बाहेर पडायला हवी. ती पडली नाही तर तेल पातळ होते, पिस्टन फुगून अडकतो आणि इंजिन निकामी होते. इंजिन हलके करून मायबाख यांनी मोटार शक्य केली आणि तिला तापण्याचा आजारही त्याच क्षणी जडला.

तेव्हाच्या गाड्या थंड कशा ठेवत?

सुरुवातीचा उपाय सोपा होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचे, ते उकळू द्यायचे आणि वाफ झाली की नवे पाणी ओतायचे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत असेच होते. कमी ताकदीच्या गाडीला हे चालून जाई. ताकद वाढली तसे पाणी वाढले, पाण्याबरोबर वजन वाढले आणि वजन ओढायला पुन्हा अधिक ताकद लागू लागली.

मायबाख यांनी १८८९ मध्ये पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची हलकी चारचाकी तयार केली. तिच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले होते. म्हणजे गाडीचा सांगाडाच तिचा रेडिएटर होता. त्या वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. या कल्पनेत पुढच्या सगळ्या कामाचे बीज दिसते. पाणी साठवून ठेवण्यापेक्षा ते फिरवायचे आणि फिरताना त्याला वाऱ्याला भेटवायचे. पाणी हे उष्णतेचे वाहन आहे, गोदाम नव्हे.

कार्ब्युरेटरचा तापमानाशी काय संबंध?

१८९० मध्ये डाइम्लर यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली. पैसा गुंतवणूकदारांचा होता आणि निर्णयही त्यांचेच चालू लागले. मायबाख यांना देऊ केलेल्या अटी अपमानास्पद वाटल्या आणि १८९१ च्या सुरुवातीला ते बाहेर पडले. डाइम्लर यांचे कंपनीशी पटत नव्हतेच. त्यांनी मायबाख यांना पैसा पुरवला आणि १८९२ मध्ये कानश्टाटमधील एका बंद पडलेल्या हॉटेलच्या नृत्यगृहात नवी कार्यशाळा सुरू झाली.

तिथे मायबाख यांनी तयार केलेली सर्वात महत्त्वाची वस्तू म्हणजे बारीक छिद्रातून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर. साल १८९३. त्याआधी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई आणि मिश्रणाचे प्रमाण सतत बदलत असे. फवारा पद्धतीने इंधन आणि हवेचे प्रमाण हाताशी आले.

जुनी गाडी तापते तेव्हा या शोधाची आठवण ठेवावी लागते. काटा वर गेला की सगळे रेडिएटरकडे पाहतात, पण दोष उष्णता बाहेर टाकण्यात नसून ती जास्त निर्माण होण्यात असू शकतो. कार्ब्युरेटरचा जेट अर्धवट तुंबला किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरून हवा शिरू लागली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. असे मिश्रण सावकाश जळते. इग्निशनचे टायमिंग मागे पडले, तरी ज्वलन उशिरा होते. दोन्ही वेळी चाकांना मिळायची ऊर्जा सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्ट व्हॉल्वला मिळते. अशा गाडीला कितीही मोठा रेडिएटर बसवला, तरी मूळ दुखणे तसेच राहते.

१८९५ मध्ये ब्रिटिश उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी मायबाख यांच्या नव्या फिनिक्स इंजिनाचे हक्क मोठ्या रकमेला मागितले. अट एकच होती, डाइम्लर यांना कंपनीत परत घ्यावे. कंपनीला पैशाची गरज होती. डाइम्लर परतले आणि मायबाख तांत्रिक संचालक म्हणून आत आले. १८९७ मध्ये त्यांनी बारीक नळ्यांचा आणि मागे पंखा असलेला रेडिएटर तयार केला. आता गाडी उभी असतानाही हवा खेचता येऊ लागली.

नीसच्या चढणीवर काय घडले?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात एमिल येलिनेक हे धनाढ्य व्यावसायिक राहत. ते डाइम्लर कंपनीच्या गाड्या विकत घेत, श्रीमंत मित्रांना विकत आणि शर्यतीत उतरवत. आणखी वेग हा त्यांचा एकच धोशा होता. मार्च १९०० मध्ये नीस ते ला तुर्बी या चढणीच्या शर्यतीत कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर याचा फिनिक्स गाडीच्या अपघातात मृत्यू झाला. गाडी आखूड, उंच आणि पुढून जड होती. ताकद वाढत गेली, पण सांगाडा जुन्या घोडागाडीच्याच घडणीचा राहिला होता. त्याच महिन्यात, ६ मार्च रोजी डाइम्लर यांचेही निधन झाले होते. मायबाख यांच्या डोक्यावरचा हात गेला आणि शर्यतींतून माघार घेण्याची भाषा कंपनीत सुरू झाली.

येलिनेक यांचा निष्कर्ष उलटा होता. शर्यती सोडायच्या नाहीत, गाडी बदलायची. त्यांनी एप्रिल १९०० मध्ये ३६ गाड्यांची साडेपाच लाख मार्कांची मागणी नोंदवली. गाडी लांब, रुंद, बुटकी आणि हलकी हवी, तिला अधिक ताकदीचे इंजिन हवे आणि तिला आपल्या मुलीचे नाव द्यायचे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मुलीचे नाव होते मर्सिडीज. मायबाख यांच्याकडे नऊ महिनेही नव्हते. पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेक यांच्यासाठी रवाना झाली.

मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरने काय बदलले?

या गाडीच्या इंजिनाची क्षमता सुमारे ५.९ लिटर आणि ताकद ३५ अश्वशक्ती होती. एवढी उष्णता जुन्या पद्धतीने काढायची तर पाण्याची टाकी आणखी मोठी करावी लागली असती आणि बुटकी, हलकी गाडी हे स्वप्नच राहिले असते. मायबाख यांनी उलट दिशेने विचार केला. पाणी उष्णता पटकन उचलते आणि भरपूर साठवते. हवा त्या मानाने फारच कमी उष्णता उचलते. म्हणजे खरी अडचण पाण्यात नाही, धातू आणि हवा यांच्या भेटीत आहे. तिथली जागा वाढवली तर पाणी कमी करता येईल.

ही जागा किती वाढते ते साध्या हिशेबाने कळते. हवा जाण्यासाठी ६० मिलिमीटर बाजूचा एक चौकोनी मार्ग असेल, तर त्याचा परीघ २४० मिलिमीटर होतो. त्याच जागेत ६ मिलिमीटर बाजूचे शंभर मार्ग बसवले, तर सगळ्यांचा मिळून परीघ २,४०० मिलिमीटर होतो. जागा तेवढीच, पण हवेला स्पर्श करणारा धातू दहापट. मायबाख यांनी रेडिएटरमध्ये ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या बसवल्या. हवा नळ्यांतून आणि पाणी त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून, अशी रचना होती. पुढून पाहिले की मधाचे पोळे दिसे, म्हणून तेच नाव रूढ झाले. आधीच्या फिनिक्स गाडीत सुमारे १८ लिटर पाणी लागे. नव्या गाडीचे काम ९ लिटरमध्ये भागले. रेडिएटरमागे पंखा असल्याने कमी वेगातही हवा खेळती राहिली.

मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने एकामागून एक स्पर्धा जिंकल्या. जिथे आदल्या वर्षी बाउअरचा जीव गेला, त्याच ला तुर्बीच्या चढणीवर तिने ताशी सरासरी ५१.४ किलोमीटर वेग गाठला. आधीचा विक्रम ताशी ३१.३ किलोमीटरचा होता. घोडागाडीपासून वेगळी, पहिली आधुनिक मोटार म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. गाडीच्या नाकावर उभा असलेला रेडिएटर हाच मोटारीचा चेहरा बनला. मात्र कंपनीच्या पाटीवर नाव डाइम्लर यांचे आणि गाडीवर येलिनेक यांच्या मुलीचे. ज्यांनी ती कागदावर उभी केली, त्यांचे नाव गाडीवर कुठेच नव्हते.

तापमानाचा काटा खरे सांगतो का?

मायबाख यांच्या पहिल्या मर्सिडीजमध्ये डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नव्हता. वाफ हाच इशारा असे. पुढच्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर बसणारे तापमापक आले आणि नंतर विजेवर चालणारे काटे. इथेच जुन्या स्पोर्ट्स कारच्या निदानातली पहिली चूक होते. काटा इंजिनाचे तापमान दाखवत नाही. तो एका संवेदकाकडून, एका तारेतून आलेला निरोप दाखवतो. निरोप चुकीचा असू शकतो.

१९६० च्या दशकातील अनेक ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे उदाहरण घेऊ. त्यांच्यात तापमान आणि पेट्रोल दाखवणाऱ्या दोन्ही काट्यांना एकाच छोट्या स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्टचा पुरवठा होतो. त्याचे संपर्क चिकटले किंवा त्याचे अर्थिंग सुटले, की बॅटरीचा पूर्ण दाब काट्यांपर्यंत जातो आणि दोन्ही काटे खऱ्यापेक्षा वर दाखवतात. त्यामुळे गाडी तापल्याचा संशय आला, की आधी पेट्रोलचा काटा पाहावा. टाकी अर्धी असताना तोही भलताच वर असेल, तर आजार इंजिनाला नसून डॅशबोर्डला आहे. संवेदकाची तार घासून बॉडीला टेकली असेल, तर थंड इंजिनातही काटा थेट टोकाला जातो.

उलटी चूक अधिक घातक असते. संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच नीट मोजतो. होज फुटून पाणी निघून गेले, तर तो हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. वर चढत गेलेला काटा अचानक पडला, तर सुटकेचा श्वास न सोडता गाडी तिथेच थांबवावी.

खात्रीसाठी हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक उपयोगी पडतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मोजमाप घेऊन ते काट्याशी ताडून पाहावे. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी तापमान दाखवते, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावे.

निदान कोणत्या क्रमाने करावे?

काटा खरे सांगत असेल, तर पुढचा प्रश्न गाडी कधी तापते हा आहे. मायबाख यांच्या पद्धतीने उष्णतेच्या प्रवासाचे टप्पे पाडले, की उत्तर बरेच जवळ येते.

गाडी कोंडीत किंवा उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर संशय हवेवर. फॅन बेल्ट सैल आहे का, पंख्याभोवतीचे आवरण कुणी काढून टाकले आहे का, विजेचा पंखा असेल तर त्याचा स्विच वेळेवर चालू होतो का, हे पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नंतर कुणी ही जोडणी उलट केली असेल आणि पंख्याच्या मोटरमध्ये कायम चुंबक असेल, तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेलाच अडवतो.

गाडी उभी असताना ठीक, पण वेगात किंवा लांब चढणीवर तापते, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर किंवा रेडिएटरच्या क्षमतेवर. रेडिएटरच्या जाळीवर तापमापक फिरवला आणि मध्येच थंड पट्टा सापडला, तर तिथल्या नळ्या गाळाने बंद आहेत. खालचा होज पंपाच्या ओढीने जास्त फेऱ्यांना चपटा होतो का, तेही पाहावे. रेडिएटर नवा असूनही फरक पडत नसेल, तर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, अनेक दशकांचा गंज साचलेला असू शकतो. कार्ब्युरेटर आणि टायमिंगची तपासणीही इथेच येते.

रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक बरेच सांगतो. फरक खूप मोठा असेल, तर पाणी फार हळू फिरते आहे. फरक नगण्य असून पाणी गरमच परत येत असेल, तर रेडिएटर हवेला उष्णता देऊ शकत नाही.

थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच होज कडक होत असेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर पाणी तापायच्या आधीच दाब तयार होतो आहे. तो ज्वलनाच्या वायूंचा असतो आणि हेड गॅस्केट गेल्याची ती खूण आहे. अशा गाडीला चालवत राहिले, तर हेड वाकण्याचा धोका असतो. नुकतेच कूलंट बदलले असेल, तर मात्र आधी आत अडकलेली हवा काढून पाहावी.

थर्मोस्टॅट काढून टाकणे योग्य का नाही?

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला हमखास मिळतो. काही जुन्या इंजिनांत तो अंगाशी येतो. त्यांचा थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारा बायपास मार्गही बंद करतो. तोच काढला, तर गरम पाण्याचा मोठा भाग बायपासमधून परत इंजिनात जातो आणि गाडी आणखी तापते.

झाकणही दुर्लक्षित राहते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर एरवी सुरक्षित असलेल्या तापमानालाच गाडी वाफ सोडते. झाकण गाडीला नेमून दिलेल्या दाबाचेच हवे. जास्त दाबाचे बसवले, तर जुने होज आणि सोल्डर फुटू शकतात. गरम इंजिनावरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

मायबाख यांचे पुढे काय झाले?

मर्सिडीजच्या यशानंतर फ्रेंच मोटारविश्वाने मायबाख यांना आरेखनकारांचा राजा मानले. त्यांच्याच कंपनीत मात्र त्यांचे महत्त्व कमी होत गेले. मुख्य आरेखनाचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले आणि १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी कंपनी सोडली.

५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिन यांचे महाकाय हवाई जहाज एख्टरडिंगन येथे वादळात सापडून जळाले. इंजिनाच्या बिघाडामुळेच ते तिथे उतरवावे लागले होते. मायबाख यांनी झेपेलिन यांना खास हवाई जहाजासाठी नवे इंजिन सुचवले आणि मुलगा कार्ल याचे नाव पुढे केले. १९०९ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे ती फ्रीडरिक्सहाफेनला गेली. पहिल्या महायुद्धानंतर कार्ल यांनी मोटारी बनवायला घेतल्या आणि १९२१ मध्ये मायबाख हे नाव प्रथमच गाडीवर झळकले. कधीही विद्यापीठात न शिकलेल्या विल्हेल्म यांना श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने १९१६ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइम्लर आहेत, तिथेच त्यांनाही विश्रांती मिळाली.

आज हे नाव मर्सिडीजच्या सर्वात महागड्या गाड्यांवर लागते आणि पुण्याजवळच्या चाकण येथेही अशा गाड्या जुळवल्या गेल्या आहेत. पण हे नाव नसलेल्या लाखो गाड्यांतही त्यांचा विचार रोज काम करतो. आजच्या रेडिएटरची घडण बदलली, नळ्यांची जागा पातळ पत्र्यांनी आणि ॲल्युमिनियमने घेतली, तरी थोड्या जागेत जास्तीत जास्त धातू हवेला भेटवायचा हे तत्त्व तेच आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचा काटा वर गेला, तर सुटे भाग मागवण्याआधी उष्णता तयार कुठे होते, नेते कोण आणि सोडते कोण, हे तीन टप्पे तपासावेत. बिघाड यांपैकी एका टप्प्यात सापडला, की बाकीचा खर्च वाचतो.